कय्युमची हद्द, कडूबाची हद्द

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये, अशीच माझी इच्छा आहे. आजवर ज्यांचा ज्यांचा बसला त्यांनी ते पुढं चारचौघांत सांगितलं आणि लोकांनी त्यांना खोटारडं ठरवलं. माझ्यापायी भल्या माणसांची अब्रू जायला नको. पण खरं ते खरं. फसली तेराशे सत्तेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी अडतीसच्या आसपास, याच औरंगाबादेत, आमखास मैदानावर, नहर-ए-इल्म कॉलेजच्या फुटबॉल टीमनं शेवटच्या दहा मिनिटांत एकही गोल खाल्ला नाही. आणि तो गोल पायानं अडवला नाही, हातानं नाही, डोक्यानं तर नाहीच, कारण आमच्या टीममध्ये डोकं कोणी वापरत नसे. तो अडवला माझ्या लेखणीनं.

हसा. शफीकमियाँ, तुम्ही शिंपी आहात, मापात हसा. बद्रीनाथ, तुम्ही हसताना चहा सांडू नका, सतरंजी कालच धुतलीय. ही आमची आशाबाई एरवी अशा वेळी चुलीपाशी असते. आज गुडघा धरलाय म्हणून सूप घेऊन इथंच तांदूळ निवडत बसलीय. म्हणजे आज साक्षीदारही समोर आहे. तर ऐका.

ते कॉलेज आता शोधायला जाऊ नका. पाणचक्कीच्या अलीकडं होतं, मग बंद पडलं, मग तिथं लाकडाची वखार झाली. माझ्या मते इल्मापेक्षा लाकूड तिथं जास्त टिकलं. मी त्या कॉलेजात अहलकार होतो, म्हणजे कारकून. पण नुसता कारकून नाही, हंगामी कारकून. सगळ्यांची नावं हजेरीपटात शाईनं लिहिलेली, माझं शिसपेन्सिलीनं. तीन वर्षं मी रोज सकाळी कचेरीत शिरलो की आधी माझं नाव कोणी खोडलं नाही ना, ते बघायचो. मग टोपी काढायचो.

आता यात फुटबॉल कुठून आला? तो आला आमच्या सासऱ्यांकडून. नानासाहेब त्या वेळी तहसील कचेरीत शिरस्तेदार होते. मी मुलगी बघायला गेलो. त्यांनी गोत्र विचारलं नाही, पत्रिका मागितली नाही, मला पोह्यांची बशीसुद्धा दिली नाही. चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "मुस्तकिल की हंगामी?" म्हणजे नोकरी कायम की कच्ची.

म्हटलं, "सध्या हंगामी, पण..."

"पण नंतर या. मुस्तकिलीचा हुकूम घेऊन या. माझी मुलगी हंगामी नाही."

दारामागून कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मी अजून आशाबाईला विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपलसाहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. राहत हुसेन त्यांचं नाव. फारसी शिकवायचे, आणि इतक्या हळू बोलायचे की मागच्या बाकावरची मुलं फारसीऐवजी झोप शिकून बाहेर पडली. माझी मिसल, म्हणजे फाईल, त्यांच्या टेबलावर दोन वर्षांपासून होती. तिच्यावर ते चहाची पेली ठेवत. मी अर्ज पुढं केला. त्यांनी तो वाचला, खिडकीबाहेर पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"मुन्शीजी, आपली टीम पाहिलीय कधी?"

"दुरून पाहिलीय, साहेब."

"हमारी टीम साठ मिनट दौलताबाद का किल्ला है. आखिर के दस मिनट सराय हो जाती है. जो चाहे आए, ठहरे, जाए."

आणि ते खोटं नव्हतं. परभणीशी आम्ही साठाव्या मिनिटाला दोन-शून्यनं पुढं होतो, सामना हरलो दोन-तीनला. नांदेडशी एक-शून्यनं पुढं होतो, हरलो एक-चारला. बीडच्या टीमचा तर एक बॅक रस्ता चुकून आमच्या गोलापर्यंत आला, आणि आता आलोच आहोत तर म्हणून गोल करून गेला. जालन्यानं आम्हाला लागोपाठ चार वर्षं हरवलं, चारही वेळा शेवटच्या दहा मिनिटांत. जालन्याचे लोक सामना बघायला यायचेच मुळी उशिरा.

प्रिन्सिपलसाहेबांनी माझ्या मिसलीवरची पेली उचलली. "टीमचे मोतमद, म्हणजे सेक्रेटरी, राजीनामा देऊन गेले. आजपासून तुम्ही. जालन्याशी सामना आहे. त्या शेवटच्या दहा मिनिटांत गोल झाला नाही, तर मी सही करीन. झाला," त्यांनी पेली परत मिसलीवर ठेवली, "तर दुसरा अहलकार बघावा लागेल. शिसपेन्सिल पुसायला कितीसा वेळ लागतो?"

आता माझा आणि चेंडूचा संबंध म्हणाल, तर लहानपणी एक नाकावर बसला होता, तेवढाच. पण मी मागं हटलो नाही. हटायला जागाच नव्हती.

आमच्या बचावात तीन माणसं महत्त्वाची. गोलात नवाब, सिल्लोडच्या कापूसवाल्याचा मुलगा. तो उभा राहिला की दोन्ही खांब त्याच्या लग्नाला आलेले पाहुणे वाटायचे. उजवीकडं बॅक कय्युम, हिमरू विणणाऱ्या घरातला, नजर इतकी बारीक की उडत्या चेंडूची शिवण मोजायचा. डावीकडं बॅक कडूबा, पडेगावच्या शेतकऱ्याचा, अंगानं बैलासारखा आणि समजुतीनंही. पहिली साठ मिनिटं हे तिघं म्हणजे लोखंडी दरवाजा. पुढं काय व्हायचं, ते कोणाला कळत नव्हतं.

पण सल्ला द्यायला कळावं लागत नाही. मी ज्या घरात भाड्यानं राहायचो, तिथली घरमालकीण भागूबाई म्हणाली, "मुन्शी, नजर लागलीय पोरांना. गोलाच्या खांबाला लिंबू-मिरची बांध." मी बांधली. पुढच्या सराव सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत गोल झाला तेव्हा नवाब लिंबू चोखत होता. मी विचारलं तर म्हणाला, "मुन्शीजी, प्यास लगी थी. मिर्ची तो नहीं खाई ना?"

मग तालीम चालवणारे काकासाहेब भेटले. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला, खिन्न होऊन हात काढून घेतला आणि म्हणाले, "ताकद कमी पडतीय. बदामाची ठंडाई पाजा लेकरांना. एकेकाला तांब्याभर. मग बघा." बघितलं. शहागंजातल्या एका टीमशी सामना होता. शेवटची दहा मिनिटं सुरू झाली आणि आमचे अकराच्या अकरा गडी एकमेकांकडं अवघडून पाहू लागले. मग एकेक करून मैदानाच्या कडेच्या झुडपांकडं निघाले. शेवटचे दोन गोल झाले तेव्हा मैदानावर फक्त मी होतो, तोही बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी पानवाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "क्यों मुन्शीजी, ठंडाई कैसी थी?" मी पान न घेता परत आलो. मला स्वाभिमान आहे. पान मी दुसऱ्या दुकानातून घेतलं.

शेवटी ठरवलं, दुसऱ्यांचं ऐकायचं नाही, आपण कारकून आहोत, कारकुनासारखं बघायचं. गोलामागं खुर्ची टाकून कागद घेऊन बसलो. प्रत्येक हालचाल वेळेसकट टिपली. आणि एकसष्टाव्या मिनिटाला मला सगळं दिसलं. चेंडू कय्युम आणि कडूबाच्या बरोबर मधून येत होता.

कय्युम ओरडला, "कडूबा, ये तेरा है!"

"माझा कसा? तुझ्याकडून आलाय."

"आया इधर से, पन जा तो उधर रहा ना!"

"मग तिकडं गेल्यावर बघू की."

चेंडू तिकडं गेला. म्हणजे जाळीत गेला. तरी दोघांची चर्चा चालूच होती.

पहिली साठ मिनिटं अंगात रग असते, दोघंही धावतात. दमल्यावर माणसाला न्याय सुचतो. हे काम माझं की त्याचं, याचा तो विचार करू लागतो. मी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचलो. कारण हा रोग मला पाठ होता! आमच्या कचेरीतली प्रत्येक मिसल अशीच दोन टेबलांच्या मधून जाऊन जाळीत पडायची. आणि या रोगावर सरकारनं औषध काढलेलं आहे. हद्द कायम करायची. कोणाची जमीन कुठं संपते ते एकदा लेखी ठरलं की भांडण संपलं. म्हटलं, आमखासवरच्या आमच्या गोलापुढच्या जागेची मोजणी करू, कय्युमची हद्द, कडूबाची हद्द, मधे चुन्याची रेघ. एका दुपारचं काम.

इथं माझं चुकलं. त्या राज्यात एका दुपारचं काम अशी गोष्टच नव्हती.

मोजणीला पटवारी लागतो. तात्यासाहेब पटवारी माझ्या ओळखीचे. ते साखळी घेऊन आले, दोन तास मोजलं आणि म्हणाले, "चुन्याची रेघ पावसात जाते, मुन्शी. हद्द म्हणजे दगड पाहिजे." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी गोलापुढं मधोमध हद्दीचा दगड रोवला. कय्युमनं पहिल्याच दिवशी त्याला अंगठा ठेचून घेतला. मग नकाशा काढला. नकाशाबरोबर एक छापील तक्ता भरायचा होता. त्यात रकाना होता: पीक.

"हा कोरा ठेवा," मी म्हणालो.

तात्यासाहेबांनी कानाला हात लावले. "कोरा रकाना? पंचवीस वर्षांत मी रकाना कोरा पाठवलेला नाही. काहीतरी उगवत असंलच की."

"थोडं गवत आहे."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी लिहिलं: गवत.

बारा दिवसांनी ज्या कचेरीत तो तक्ता गेला होता तिथून जवाब आला. उर्दूत, नस्तालीकमध्ये, इतक्या सुंदर अक्षरात की वाचून संपेपर्यंत मला आनंदच होत होता. मजकूर असा: ज्याअर्थी सदर जमिनीत गवत आहे, त्याअर्थी ती चराई आहे, आणि ज्याअर्थी चराई आहे, त्याअर्थी नजीकच्या रहिवाशांना जनावरं चारण्याची मुभा देण्यात येत आहे. त्याची नक्कल रहिवाशांना. आता नजीकच्या रहिवाशांमध्ये जनावरं कोणाकडं होती? आमच्या भागूबाईकडं. तीन म्हशी.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर तिन्ही म्हशी गोलात बसलेल्या. गवत त्यांनी सकाळीच संपवलं होतं, आता रवंथ चालला होता. मी भागूबाईला म्हणालो, "अहो, इथं फुटबॉल आहे."

"मग खेळा की. माझ्या म्हशींनी कधी कोणाला खेळू नका म्हटलंय व्हय?" आणि तिनं पदराच्या गाठीतून नक्कल काढून दाखवली.

खरं सांगायचं तर त्या पंधरवड्यात सरावात आमच्यावर एकही गोल झाला नाही. नवाब दोन म्हशींच्या मधे स्टूल टाकून बसायचा. प्रिन्सिपलसाहेब एकदा येऊन पाहून गेले. बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मुन्शीजी, इनका दाखिला नहीं हो सकता?" मी नियम पाहिले. प्रवेशाची मुदत उलटून गेली होती.

पण सामन्यात म्हशी चालणार नव्हत्या. तेव्हा मी त्या चराईच्या हुकमावर हरकत घेतली. हरकत घेतली की मुकदमा होतो. मुन्सफाच्या कोर्टात नंबर पडला: नहर-ए-इल्म कॉलेज, मार्फत हंगामी अहलकार, विरुद्ध भागूबाई. संध्याकाळी घरी आलो तर माझ्या आंघोळीच्या पाण्याचा बंब दारात पालथा घातलेला.

"ज्या घरात राहतोस त्या घरमालकिणीला कोर्टात वढतोस?" भागूबाई उंबऱ्यात उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलत होती. "आन् तेबी म्हशींवरून? आरं, माझ्या म्हशी मुस्तकिल हायेत! तुझ्यासारख्या हंगामी नाय!"

आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. महिनाभर मी गार पाण्यानं आंघोळ केली. फुटबॉलनं माणूस काटक होतो म्हणतात, ते खरं आहे.

इकडं हद्दीचा काय उपयोग झाला? चांगला झाला. कय्युम आपल्या हद्दीतला चेंडू सोडत नव्हता, कडूबा आपल्या. दोघं इतके तयार झाले की चेंडू हद्दीवरून पलीकडं गेला की पाय मागं घ्यायचे, दुसऱ्याच्या जमिनीत अतिक्रमण नको म्हणून. मी खूश. फक्त एकदा चेंडू येऊन बरोबर हद्दीच्या दगडाला टेकून थांबला. दोघं दोन बाजूंनी आले आणि वाकून बघू लागले.

"आधा तेरा, आधा मेरा," कय्युम म्हणाला.

"निम्मा मारता येत नाय," कडूबा म्हणाला. "पंच बोलवावं लागतील."

तेवढ्यात समोरचा एक पोरगा चालत आला, चेंडू घेतला आणि गोल करून गेला. नवाब मला हाक मारून म्हणाला, "मुन्शीजी, मेरे वास्ते भी कोई हद बना दो, घर जाने की." मी कागदावर लिहिलं: किरकोळ त्रुटी.

आणि सामन्याचा दिवस उजाडला. जुम्म्याचा दिवस. नमाज आटोपून अर्धं शहर आमखासला लोटलेलं. जालन्याहून दोन मोटारी भरून माणसं आलेली, आणि या वेळी उशिरा नाही, अगदी वेळेवर, त्यामुळं मला जरा बरं वाटलं. म्हशींना कडूबानं पहाटेच गोड बोलून पडेगावकडं नेलं होतं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत प्रिन्सिपलसाहेब, आणि त्यांच्या मांडीवर काय? माझी मिसल. वर शाईची दौत. आणि दोन खुर्च्या सोडून, पांढरं धोतर, काळा कोट, चष्मा: नानासाहेब! हे फुटबॉल बघायला आले नव्हते, मला बघायला आले होते.

काय खेळली आमची टीम! जालन्याचे गडी येत होते आणि आपटून परत जात होते. पंचविसाव्या मिनिटाला आमच्या फॉरवर्डनं एक गोलही केला. त्यालाच त्याचं इतकं आश्चर्य वाटलं की तो पंचाला विचारायला गेला, झाला का म्हणून. साठ मिनिटं झाली. एक-शून्य. आणि जालन्याचे प्रेक्षक, इतका वेळ मुकाट बसलेले, खुर्च्या सावरून पुढं सरकले. त्यांना माहीत होतं, खरा सामना आता सुरू होतोय.

एकसष्टावं मिनिट. चेंडू मधून आला. कय्युमनं कडूबाकडं पाहिलं.

मी ती नजर ओळखली. चार वर्षांच्या पराभवाची नजर होती ती. नवाबनं तो चेंडू कसाबसा पोटावर झेलला, पण पुढचा कोणाच्या पोटावर येणार? प्रिन्सिपलसाहेबांनी दौतीचं झाकण लावलं. नानासाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली. अरे, ही जमीन तर मुकदम्यात आहे!

समोर काकासाहेबांची सायकल होती. मी तिच्यावर उडी मारली. कोर्ट किती लांब? सायकलनं दीड मिनिट, त्या दिवशी मला एकच लागलं. आणि कोर्टात काय गर्दी! वकील, पक्षकार, शिपाई, बोरूवाले मुन्शी, पाय ठेवायला जागा नाही. मी सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडलो, "हुजूर, वादातल्या जमिनीत परके लोक घुसताहेत!" मुन्सफसाहेब फायलींच्या ढिगाआडून उठले. मोठा कर्तबगार माणूस. म्हणाले, "कौन घुस रहा है?" म्हटलं, "जालन्यावाले, हुजूर. सोबत चामड्याचा एक गोळा आहे." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पेशकारानं मजकूर लिहिला, शिपायानं लाख तापवली, धपकन मोहर उठली. हुकूम-ए-इम्तिनाई! मनाईहुकूम! मुकदम्याचा निकाल लागेपर्यंत सदर जमीन जैसे थे राहील, तीत कोणीही कोणतीही वस्तू नेऊ, ढकलू, लोटू अगर मारू नये.

परत आलो तेव्हा चौसष्टावं मिनिट चालू होतं, आणि समोर काय दृश्य! कय्युम आणि कडूबा हद्दीच्या दगडापाशी उभे राहून वाद घालताहेत. नवाब पुढं येऊन घसरून पडलाय. जालन्याचा फॉरवर्ड एकटा, गोल मोकळा, चेंडू त्याच्या पुढ्यात, आणि त्यानं लाथ मारायला उजवा पाय मागं उचललाय.

मी सायकलसकट मैदानात शिरलो, कागद उंच धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "बहुक्म-ए-अदालत!"

सामन्याचे पंच होते एक पेन्शनीतले पोलिस जमादार. तीस वर्षं सरकारी मोहर पाहिली की टाचा जुळवायची सवय. त्यांच्या टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला आणि तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. ज्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या त्यांनी रुमाल टाकले. जालन्याचा फॉरवर्ड घाबरून म्हणाला, "पाय खाली ठेवू का?" जमादार गरजले, "जैसे थे!" म्हणजे पायही जैसे थे. सहा मिनिटं तो एका पायावर उभा होता. माशी हलत नव्हती. कय्युम आणि कडूबा वाद थांबवून हातात हात घालून उभे, कारण आता जमीन कोणाचीच नव्हती. आणि घड्याळात सत्तर मिनिटं पुरी झाली. शिट्टी! सामना खलास! एक-शून्य!

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. प्रिन्सिपलसाहेबांनी तिथल्या तिथं मांडीवरच सही केली. सहीवर आनंदाचा एक थेंब पडून शाई पसरली, तो डाग अजून आहे. दोन आठवड्यांनी मुस्तकिलीचा हुकूम हातात घेऊन मी नानासाहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, मोहरेवरून बोट फिरवलं, आणि आत वळून म्हणाले, "चहा टाका." झालं. बद्रीनाथ, शफीकमियाँ, सांगा आता, आहे का जगात दुसरा कोणी, ज्यानं कागदानं गोल अडवला?

शफीकमियाँ म्हणाले, "वल्लाह!" बद्रीनाथांचा चहा अखेर सतरंजीवर सांडला.

आशाबाईनं सूप खाली ठेवलं.

"जुम्मा होता म्हणालात?"

"जुम्माच. नाहीतर एवढी गर्दी होते का?"

"आन् कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती."

"मुंगी शिरली नसती."

"अहो, निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची असायची. साऱ्या कचेऱ्यांना कुलूप. म्हणून तर नाना तुमचा सामना बघायला रिकामे होते."

शफीकमियाँनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"कोर्ट बंद, मुन्सफ घरी," आशाबाई एकेक शब्द निवडल्यासारखं म्हणाली. "मग त्या कागदावर मोहर कोणी उठवली?"

मी म्हणालो, "अगं, गोष्ट संपली आता. तुझा गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याचं राहू द्या. नानांना दाखवलेल्या हुकमावरची मोहर कोणाची होती, ते आधी सांगा."